कुवेतकार आणि मॅट्रिकमधला चंद्र

दुपारी दुकान बंद असताना डिचोलीच्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानात कोणी फोन केला आणि तो मशीनऐवजी चुकून माणसानेच उचलला, तर पलीकडून हमखास हेच ऐकू यायचं : "जेवलो मरे? मग न्हीद आतां. माणसांची न्हिदपाची वेळ ही." आणि फोन आपटला जायचा. खाणीच्या रस्त्यावर ट्रक अडकवून बसलेला ड्रायव्हर क्लच प्लेटसाठी तळमळून फोन करत असायचा, आणि त्याला मिळायचा झोपायचा सल्ला. तो ड्रायव्हर संध्याकाळी दुकानात येऊन ज्या शिव्या द्यायचा, त्या खाव्या लागत दुकानाच्या मालकाला. म्हणजे फोन आपटणाऱ्याच्या थोरल्या भावाला.

"फोन दुकानाचो की तुज्या पेटयेचो?" भाऊ कॉम्प्युटरकडे बोट दाखवून विचारायचा.

"सकाळसांज दुकानाचो. दनपारां माझो," हा सांगायचा. त्यात त्याला काही वावगं वाटत नसे.

गावात त्याला सगळे कुवेतकार म्हणत. आमच्याकडे माणूस जिथून परत येतो त्या जागेचा होऊन जातो, मुंबईहून आला तर मुंबयकार, तसा हा. तिकडे लढाई पेटली आणि माणसं हातात सापडेल ते घेऊन गोव्याला परतली. कोणी सोनं आणलं, कोणी टेपरेकॉर्डर. याने स्वेटरमध्ये गुंडाळून एक मॉडेम आणला. तो मॉडेम टेबलावर बसला आणि स्वेटर याच्या अंगावर. डिचोलीच्या वैशाखात, खनिजाची लाल धूळ घामात कालवली जात असताना, हा माणूस स्वेटर घालून बसलेला. विचारलं तर म्हणे, तिथल्या एसीची थंडी हाडांत बसलीय, ती अजून निघालेली नाही. दुकानात पंखा एकच होता. तो कॉम्प्युटरकडे तोंड करून ठेवलेला असे.

समोर मी त्याला अहो-जाहो करत असे. पाठीमागे सगळे 'तो'च म्हणत. इथे मी 'तो'च लिहिते. तो आता कुठे आहे मला माहीत नाही, आणि माणूस समोर नसताना उगाच आदर दाखवणं मला जमत नाही.

तो चालवायचा त्याला बोर्ड म्हणत. आता पणजीत इंटरनेटची दुकानं निघाली आहेत, तिथली पोरं मला हसतात, तरीही समजावून सांगते. एक कॉम्प्युटर, एक मॉडेम, एक फोन. लोकांनी आपापल्या कॉम्प्युटरवरून त्या फोनला फोन लावायचा, की त्यांना बोर्डावरची पत्रं दिसत आणि स्वतःचं पत्र तिथे ठेवता येई. पण फोन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस आत. एकजण आत बसून रमतगमत वाचू लागला की बाकीचे गोवाभर एंगेजचा आवाज ऐकत बसायचे. यावर उपाय म्हणजे पुडी. आत यायचं, नवीन पत्रांची बांधलेली पुडी उचलायची आणि फोन ठेवायचा. घरी निवांत पुडी सोडून वाचायचं, उत्तरं लिहायची, त्यांची पुडी बांधायची, दुसऱ्या दिवशी फोन लावून ती देऊन टाकायची.

"पोदेर पाव दिता आनी तुजें जेवण जायसर दारांत उबो रावता?" तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. पोदेर म्हणजे आमच्याकडे सायकलवरून भोंगा वाजवत येणारा पाववाला. "घे आनी सोड. फुडल्या दाराक पाव जाय."

आणि दुपारच का? कारण दुपारी गोवा झोपतो. जेवणानंतर दुकानं बंद, कचेऱ्या पेंगतात, लाइनी मोकळ्या. गोव्याच्या ज्या झोपेला बाहेरचे लोक आळस म्हणतात, त्या झोपेच्या जिवावर आमचं सगळं टपाल चालत होतं.

मी त्याच्याकडे गेले ती माझ्या गरजेपोटी. आम्ही मराठीसाठी लढणारे. राजभाषेचा कायदा झाला, त्यामागून घटक राज्य मिळालं. कायद्यात कोंकणी राजभाषा झाली आणि मराठी 'सुद्धा' वापरता येईल असं लिहिलं गेलं. त्या 'सुद्धा'वर मी जितकी पत्रकं लिहिली तितकी कशावर लिहिली नसतील. माझं पहिलं गाजलेलं पत्रक होतं 'आम्ही सुद्धा नव्हे!' पेडण्याच्या प्रत्येक वाड्यात ते पोचलं. ज्या घरात लग्नाची पत्रिका मराठी, मयताची नोटीस मराठी, देवळातल्या भिंतीवरची पाटी मराठी, त्या घरातल्या पोराला सरकार सांगतं की तुझी भाषा पाहुणी आहे. राग येणार नाही तर काय? तो राग आजही आहे आणि त्याबद्दल मला कोणाची माफी मागायची नाही.

आमच्या मराठी समितीचं काम पेडण्यात, शाखा फोंड्यात. पत्रकांचा मजकूर इकडून तिकडे न्यायचा तर बसने जायचं आणि पूल, फेरी, धूळ यांत दिवस घालवायचा. डिचोलीच्या ज्या छापखान्यात आम्ही पत्रकं छापत होतो, त्याच्याकडे देवनागरीचा कॉम्प्युटर होता. त्याने सांगितलं, कुवेतकाराकडे जा.

गेले. त्याने माझं पत्रक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि मजकुरावर एक अक्षर न बोलता म्हणाला, "ह्यो चांदण्यो कित्याक?"

मथळ्याखाली मी फुल्यांची एक ओळ घातली होती. उठावासाठी.

"चांदण्यांनी फोन अडता," तो म्हणाला. "आनी उद्गारचिन्हां कमी कर गो बाय. एक घातल्यार पुरो. मनशाक आयकू येता."

माणसं तो मॉडेमच्या वेगाने मोजायचा; तीनशे म्हणजे जुना संथ मॉडेम, चोवीसशे म्हणजे नवा वेगवान. "तुजी आवय तीनशेन उलयता, तू चोवीसशेन. ती तुका जोडतली कशी?" हे त्याचं माझ्याबद्दलचं आणि माझ्या आईबद्दलचं कायमचं निदान होतं. भाषण ऐकून आला की वक्त्याबद्दल एवढंच सांगायचा : "वेग बरो, पूण लायनीर खरखर." आमच्या समितीच्या अध्यक्षांना, पेडण्याच्या मास्तरांना, त्याने एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "तीनशेचो मनीस. पूण एक अक्षर गळचें ना." त्याच्या तोंडी ही फार मोठी स्तुती होती.

त्या बोर्डावर आम्ही एकटे नव्हतो. पणजीहून कोंकणीवालेही फोन लावत. त्यांच्यातली एक कॉलेजात शिकवणारी बाई फार लिहायची, आणि चांगलं लिहायची. हे मला तेव्हाही कळत होतं. तिचं पत्र आलं की माझा दिवस तिला उत्तर देण्यात जायचा. समितीत यावर कुरकुर सुरू झाली. त्यांची पत्रं आमच्या पुडीत कशाला? आम्हाला वेगळी खोली द्या. बोर्डावर विषयांच्या खोल्या करता येतात हे छापखानेवाल्याकडून कळलं होतं. मी निरोप घेऊन गेले.

"उंडे आनी पोळयो पोदेर दोन सायकलींनी हाडता?" कुवेतकाराने विचारलं.

"पावाचं सोडा. ही तत्त्वाची गोष्ट आहे."

"मशिनीक तत्त्व ना. मराठीचो 'क' आनी कोंकणीचो 'क' तिका एकूच. आंकडो एकूच. हांव वेगळे करूं कशे? तूच सांग."

"मशीनला कळत नाही म्हणून माणसालाही कळू नये?"

त्याने स्वेटरच्या बाह्या वर केल्या. वाद त्याला कधी आवडला नाही. "घरांत आवयकडेन कितें उलयता?"

"तुम्ही बोलता तेच. पण लिहिते मराठी."

"मग माका कित्याक सांगता? बरय तुका जाय तें. पुडी एकूच."

लिही तुला हवं ते, म्हणे! मी तणतणत बाहेर पडले. असा माणूस डोक्यात जातो. गाव पेटलंय आणि हा आकडे मोजत बसलाय, असं मी समितीत सांगितलंही. पण पुडी एकच राहिली आणि आम्ही ती उचलत राहिलो, कारण दुसरी सोय नव्हती. पणजीवाल्यांनीही वेगळी खोली मागितली होती आणि त्यांनाही हेच उत्तर मिळालं होतं, हे पुष्कळ नंतर कळलं.

आता चंद्राबद्दल.

पुडी बांधायची रीत अमेरिकेतल्या कोणीतरी ठरवलेली. जगभर पुड्या सोडणारे प्रोग्राम तीच रीत ओळखत, म्हणून ती बदलायची सोय नव्हती. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर एका आकड्याने ओळखतो, आणि त्या रीतीत 'इथे ओळ संपली' हे सांगण्यासाठी एक आकडा राखून ठेवला होता. इंग्रजीत त्या आकड्याचं काही काम नसतं, म्हणून त्या अमेरिकनाने तो उचलला. आमच्या देवनागरीच्या तक्त्यात मात्र नेमका तोच आकडा वाट्याला आला होता 'बॅ', 'मॅ', 'टॅ' यांच्यावरच्या चंद्राच्या. झालं. बॅटरी लिहिलं की 'ब' एका ओळीवर आणि 'टरी' खालच्या ओळीवर. टॅक्सी मोडली, मॅनेजर मोडला, पत्रात जिथे जिथे चंद्र तिथे तिथे पुडी ओळ तोडायची.

कुवेतकाराने बोर्डावर पाटी लावली : चंद्र लिहू नये. मग आम्ही सगळे ब्याटरी, ट्याक्सी, म्यानेजर लिहू लागलो. याची गंमत अशी झाली की फोंड्याच्या शाखेने आमच्यावर कोंकणीकरणाचा ठपका ठेवला. आणि पणजीहून एकाने लिहिलं की डिचोलीवाल्यांनी पेशवाई परत आणली, आता मोडीत लिहायचं तेवढं बाकी आहे. दोघांनाही कुवेतकाराचं उत्तर एकच : "आंकड्याचो दोश, मनशाचो न्हय."

हे वाक्य तो फार वापरायचा. त्याचा त्यावर विश्वास होता. जगात जी काही भांडणं आहेत ती कुठेतरी एक आकडा दोन जागी वापरल्याने झाली आहेत, आणि तो आकडा सापडला की माणसं आपोआप नीट वागतील, अशी त्याची पक्की समजूत. त्या चंद्राच्या मागे तो लागला तो याच समजुतीने. दुकान उघडलं की भाऊ ओरडायचा, "बेअरिंग दी रे त्या मनशाक!" आणि हा गिऱ्हाइकाला बेअरिंगऐवजी तेलाचं फिल्टर देऊन परत पडद्याकडे वळायचा.

ब्यांक-ट्याक्सी लिहायला एकाच माणसाने ठाम नकार दिला. मास्तरांनी. ते घरात बायकोशीसुद्धा छापील मराठी बोलत. निवृत्त होऊन वर्षं झाली होती, तरी घरी आलेल्या आवतणातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून ते आवतण परत पाठवत. ते हाताने लिहायचे, मी छापखान्यात बसून टाइप करायची.

"मास्तर, हे चंद्र तुटतात," मी म्हणाले होते.

"तुटू देत. तुटलेलं वाचणाऱ्याला जोडता येतं. चुकीचं लिहिलेलं कोण दुरुस्त करणार?"

"लोक हसतात."

"हसू देत. मी चुकीचं लिहिणार नाही. आणि तूही माझ्या कागदातलं काही बदलायचं नाहीस."

बदललं नाही.

मग पणजीत आमचा मोर्चा झाला, आणि मोर्चानंतर कॉलेजातल्या त्या बाईचं पत्र आलं. ते तिने मुद्दाम मराठीत लिहिलं होतं. 'समजलं नाही असं म्हणायला जागा राहू नये म्हणून तुमच्या भाषेत लिहिते,' अशी सुरुवात. आणि त्यात एक ओळ होती : 'म्याट्रिक मराठीत झालेली ही पेडणे-डिचोलीची माणसं मनाने गोव्याची नव्हेत.' चंद्र लिहू नये हा नियम तिने रागातही पाळला होता.

ती ओळ वाचून मला काय वाटलं ते मी लिहीत बसत नाही. पेडण्यात ज्याला ज्याला ती वाचून दाखवली त्याला तेच वाटलं.

उत्तर मास्तरांनी लिहिलं. पुड्यांच्या जगात चाल अशी, की समोरच्याचं वाक्य घेऊन त्याला उत्तर द्यायचं तर त्या ओळीच्या आरंभी एक बाणासारखी खूण घालायची. खूण असलेली ओळ दुसऱ्याची, बिनखुणेची आपली. मास्तरांनी तिची ओळ खुणेसकट उतरवून घेतली, आणि खाली चार पानं तिचा समाचार घेतला. शांत, सभ्य, एकही अपशब्द नसलेली चार पानं. तसलं मला आजही लिहिता येत नाही. फक्त ओळ उतरवताना मास्तरांच्यातला मास्तर गप्प बसला नाही. तिचं 'म्याट्रिक' त्यांनी दुरुस्त करून 'मॅट्रिक' केलं. दुसऱ्याच्या शिवीतलीही शुद्धलेखनाची चूक त्या माणसाला सोसवत नव्हती.

पुडी गेली. फोंड्याच्या शाखेने दुपारी उचलली, सोडली, छापली. छापील कागदावर वर खुणेसकट एकटं 'म'. आणि त्याखाली, बिनखुणेची, म्हणजे मास्तरांची स्वतःची अशी ओळ : 'ट्रिक मराठीत झालेली ही पेडणे-डिचोलीची माणसं मनाने गोव्याची नव्हेत.' पुढचा समाचार मग कोणी वाचला नाही. 'ट्रिक' कडे कोणी पाहिलं नाही, ओळी तुटायची सवयच होती. पणजीवाल्यांची पत्रं फोंड्यात कोणी वाचतच नसे, त्यामुळे मूळ ओळ तिथे कोणाला ठाऊक नव्हती. बाकीचं वाक्य धडधडीत होतं आणि खाली मास्तरांचं नाव होतं.

फोंड्यात आमचा मोठा मेळावा ठरला होता आणि अध्यक्ष मास्तर. शाखेने त्यांचं नाव काढून टाकलं. 'म्हातारा फिरला' हा शब्द फोंड्याहून पेडण्याला आमच्या पत्रकांपेक्षा लवकर पोचला. मास्तरांचा धाकटा जावई सरकारी नोकरीत होता, तर तेवढ्यावरून कोणी काय काय जोडलं. मी भांडले, फोंड्याला जाऊन टेबलं बडवली. मी स्वतः टाइप केलंय हो, ही ओळ त्या बाईची! "मग खूण कुठे आहे?" ते कागद नाचवत विचारायचे. मी म्हणायची, चंद्रामुळे तुटली. आणि मोठमोठी माणसं एकमेकांकडे बघून हसायची. एवढी मोठी गोष्ट एका मात्रेमुळे? कोणाला सांगतेस?

आणि मास्तर? देवळाच्या ओट्यावर रोज बसणारा माणूस घरातून बाहेर यायचा थांबला.

कुवेतकाराला मी हे सांगितलं तेव्हा त्याने कळफलक बाजूला सारला. मग म्हणाला, "ताणें 'म्याट्रिक' दुरुस्त केलें?"

"केलं."

"देवा," तो म्हणाला, आणि हसला नाही. "हांव दाखयतां. सगळ्यांक दाखयतां. मास्तराक हाड, पणजेचे बायेक हांव आपयतां. दोळ्यांनी पळयतले मगे विश्वास बसतलो."

तोवर त्याने उपाय काढलेला होता. देवनागरीच्या त्या तक्त्यात एक अक्षर तमिळसाठी ठेवलेलं होतं. मराठीला त्याचा उपयोग नाही, कोंकणीलाही नाही. पुडी बांधताना चंद्राच्या जागी ते अक्षर बसवायचं, पुडी सोडताना ते काढून परत चंद्र लावायचा. अमेरिकेच्या रीतीला धक्का नाही, जुन्या प्रोग्रामांशी भांडण नाही, ओळ शाबूत. "तमिळ मनीस आमच्या झगड्यांत ना," तो खुशीत म्हणाला, "तोच निरोप पावयतलो." त्या दिवशी मला तो माणूस पहिल्यांदा पूर्ण आवडला.

ती दुपार. शटर अर्धं खाली. आत ब्रेक लायनरचे खोके, ग्रीसचा वास आणि चार स्टुलं. भावालाही त्या दिवशी झोप सोडायला लावली होती; तो कोपऱ्यात जांभया देत होता. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पणजीची बाई मी प्रथमच पाहत होते. माझ्या कल्पनेत ती उंच, चष्मेवाली वगैरे होती. ही ठेंगणी, घामाने भिजलेली, बसमध्ये उभी राहून आलेली. मास्तरांना तिने नमस्कार केला. मास्तरांनीही केला. फोंड्याचा चिटणीस कपाळाला आठ्या घालून उभा होता.

कुवेतकाराने तिची ओळ टाइप केली, चंद्र लावून. आरंभी खूण घातली. जुन्या रीतीने पुडी बांधली, सोडली. पडद्यावर खूण आणि 'म'. खाली बिनखुणेची ओळ.

"पळयलें?"

चिटणीस वाकून बघू लागला. "परत करा."

परत केलं. परत तेच. मग कुवेतकाराने नव्या रीतीने बांधली. सोडली. ओळ अखंड, आरंभी खूण, 'मॅट्रिक'वर चंद्र जागच्या जागी.

"म्हणजे मास्तरांनी लिहिलेलं नव्हतं," चिटणीस म्हणाला.

"ना! आंकड्याचो दोश!" कुवेतकार स्टुलावरून उठलाच. इतका आनंदलेला माणूस मी डिचोलीत पाहिलेला नाही. त्याने भावाला चहा आणायला पिटाळलं. आता सगळं मिटलं, लोक परत पुड्या उचलतील, बोर्ड परत नांदेल, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मास्तर पडद्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"म्हणजे बाई," ते म्हणाले, "हे वाक्य तुमचं."

"म्हजेंच," ती म्हणाली. "हांवें केन्ना ना म्हणलां?"

"नाही. तुम्ही नाही म्हटलं नाहीत. मीच या दिवसांत... मला ते कागदावर माझ्या नावावर दिसत होतं. मला वाटायला लागलं होतं, की हे असं कोणी लिहिलंच नसेल, मशीननेच काहीतरी केलं असेल." मास्तर तिच्याकडे वळले. "पण तुम्ही लिहिलंत. विचार करून, मराठीत लिहिलंत."

"विचार करून बरयलें," ती म्हणाली. "तुमचो मोर्चो म्हज्या घरा मुखार थांबलो, मास्तर. म्हजी आवय बाल्कांवांत बशिल्ली. तुमच्या लोकांनी तिका जें म्हणलें, तें खंयच्या पुडयेंत मोडिल्लें?"

बाल्कांव म्हणजे घरापुढचा ओटा. त्या ओट्यासमोर तो मोर्चा थांबला होता हे खरं, आणि काय ओरडलं गेलं हेही मला माहीत होतं. ते शब्द पुडीतून गेले नव्हते.

"पूण पळयात," कुवेतकार मध्येच म्हणाला. त्याला वाटलं त्यांना नीट दिसलं नाही. "आतां मोडना. कितेंय बरयात, मोडचें ना. पळयात तरी."

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बाईंना नमस्कार केला आणि शटरखालून वाकून बाहेर गेले. बाई थोडा वेळ बसली. मग तीही निघाली. पेडण्याची बस एका बाजूला थांबते, पणजीची दुसऱ्या. दोघंही उन्हात उभी असलेली मला दिसत होती. चिटणिसाने त्या अखंड ओळीची छापील प्रत मागून घेतली.

त्या प्रतीचं काय झालं ते सांगायला हवं. मेळाव्याला मास्तर अध्यक्ष झाले. ते गेले, बसले, बोलले नाहीत. आणि मेळाव्यात एक पत्रक वाटलं गेलं, त्यावर त्या बाईचं नाव आणि तिची ओळ, ठळक अक्षरांत, चंद्रासकट. पणजीवाल्यांनी बोर्डावर फोन लावणं बंद केलं. मग आमच्याही समितीने ठराव केला, की जिथे ते येत नाहीत तिथे आपण कोणाला उत्तरं देणार? ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला. बोर्डाची तेव्हा तेवढीच किंमत आम्हाला वाटत होती. दुपारी फोन वाजायचा तो क्लच प्लेटसाठीच. पावसाळा संपायच्या आत कुवेतकार निघून गेला, भाऊ म्हणतो बहरीनला. मॉडेम नेला की नाही ते त्यालाही सांगता येत नाही.

आम्हाला कळायला उशीर लागला असं मी म्हणणार नाही. कळलं त्याच दुपारी. जोवर ओळ तुटलेली होती तोवर दोष द्यायला मशीन होतं. त्या माणसाने मेहनतीने मशीन निर्दोष केलं, आणि मग उरलो आम्हीच.

त्या दुपारी सगळे गेल्यावर मी तेवढी दुकानात मागे राहिले होते. भाऊ चहा घेऊन आला, चार पेले, आणि रिकामी स्टुलं बघून पेले बेअरिंगच्या खोक्यावर ठेवून आत गेला.

"कितें चुकलें गो बाय?" कुवेतकाराने मला विचारलं.

मी पत्रकं लिहिणारी. कुठल्याही प्रश्नाला उभ्या उभ्या तीन मुद्दे सांगू शकते. त्या दुपारी मी चहाचा एक पेला उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"नव्या रीतींत खंय तरी राविल्लें आसतलें," तो पुटपुटला आणि परत कळफलकाकडे वळला. त्याने ओळ टाइप केली, पुडी बांधली, सोडली. शटरखालून येणाऱ्या उन्हात त्याच्या स्वेटरवर धूळ चमकत होती. परत टाइप केली, परत बांधली, परत सोडली. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून वाचत होते. मॅट्रिक मराठीत झालेली ही पेडणे-डिचोलीची माणसं मनाने गोव्याची नव्हेत. दर वेळी वाक्य पूर्ण येत होतं.